दोन वह्या, एक काळरेषा : सोलापुरातल्या एका शब्बाथशाळेचं प्रकरण

आठवीच्या इतिहासात १९३० च्या सविनय कायदेभंगाचा पाठ आला की सोलापूरच्या वर्गात मुलं जरा सरसावून बसतात. पुस्तकात आपलं गाव येतं ना! मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे ही फाशी गेलेल्या चौघांची नावं इथल्या मुलांना घोकावी लागत नाहीत. त्यांचे पुतळे जाता-येता दिसतात. शहरातल्या एका जुन्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) हा पाठ एका रविवारी अचानक येऊन पडला. उपासना संपली होती, दृढीकरणाच्या (चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या) वर्गातली मुलं हॉलमध्ये जमली होती आणि आठवीतल्या एका पोराने विचारलं, "ओ सर, मार्शल लॉ लागला तेव्हा आपली मंडळी कुठं होती?"

ज्यांना विचारलं ते सर निवृत्त शिक्षक. उभी हयात एका अनुदानित मराठी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. मंडळीतही ते लहानपणापासूनचे. दर वर्षी हा पाठ शिकवला, दर रविवारी त्याच बाकावर बसले, पण या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. "पुढच्या रविवारी बोलू," एवढंच ते म्हणाले. तो पुढचा रविवार बरेच महिने चालला. सरांशी जुनी ओळख असल्याने मी अधूनमधून या वर्गात बसत असे. इतिहास शिकवणाऱ्या इतरांना उपयोग होईल म्हणून हे प्रकरण मांडतो आहे.

वर्ग कसा होता

मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली अहमदनगरला गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात रुजलं. गाव तेव्हा गिरण्यांचं होऊ लागलं होतं. जुनी गिरणी १८७७ ची. मंडळीतली जुनी घरं गिरणी, रेल्वे, दवाखाना नाहीतर मिशनची शाळा यांतल्या कुठल्या ना कुठल्या पगारावर उभी राहिली. वर्गात पंधरा-वीस मुलं, आठवी ते दहावीची. बहुतेकांच्या घरी मराठी, दोघा-तिघांकडे तेलुगू, एकीकडे कन्नड. सोलापुरात यात काही विशेष नाही.

दृढीकरणाआधी मुलांना मंडळीचा इतिहास शिकवायची पद्धत आहे आणि तो पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शिकवत. क्रम ठरलेला: प्रेषितांची कृत्ये, रोमन बादशहांनी केलेला छळ, कॉन्स्टंटाइन, १५१७ चा ल्यूथर, १७९३ साली बंगालमध्ये उतरलेला विल्यम कॅरी, आणि मग एकदम 'आपली मंडळी'. भारत यायचा तो शेवटच्या दोन रविवारी, तोही मिशनऱ्यांच्या जहाजातून उतरून. शाळेत याच्या उलट. सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक भारत. त्यात ख्रिस्ती माणसं दिसतात ती पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या मागून चालताना. मुलांच्या दप्तरात शाळेची वही वेगळी, रविवारची वेगळी. दोन्हींतल्या सनावळ्या एकमेकींना कधी भेटत नव्हत्या.

सरांनी आधी एक साधा प्रश्न लिहायला दिला. १८५७ च्या सुमाराला महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक काय करत होते? मंगल पांडे, झाशीची राणी, तात्या टोपे सगळ्यांनी लिहिलं. प्रश्नातल्या 'ख्रिस्ती'पाशी सगळ्यांची पेन्सिल थांबली. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं नाव शब्बाथशाळेत निम्म्यांनी ऐकलेलं होतं. त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी नेमकी १८५७ मध्ये निघाली आणि त्यात हिंदू विधवांचे हाल मांडलेले आहेत, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. उत्तर भारतात तोफा धडाडत असताना मराठीत एक माणूस विधवांच्या केशवपनाबद्दल लिहीत होता. मुलांना ही गंमत वाटली. काही पालकांना तितकीशी वाटली नाही, पण ते पुढे येईल.

किती रमाबाई

नववीतल्या एका मुलीमुळे वर्गाला खरी गती आली. तिच्या शाळेच्या वहीत पंडिता रमाबाई होत्या: आर्य महिला समाज, शारदा सदन, स्त्रीशिक्षण. रविवारच्या वहीतही रमाबाई होत्या: केडगाव, मुक्ती सदन, बायबलचं मराठी भाषांतर. तिला या दोन निरनिराळ्या बायका वाटत होत्या. "एक सुधारक आणि एक आपल्यातली," असं तिने अगदी सहज सांगितलं. शेजारच्या मुलाच्या वहीत तर त्यात रमाबाई रानडेही मिसळल्या होत्या आणि सेवासदन केडगावला जाऊन बसलं होतं.

हसण्यावारी न नेता सरांनी पंडिता रमाबाईंवर सलग काही रविवार घालवले. मला विचाराल तर या सगळ्या प्रयोगातला सर्वांत चांगला भाग हाच. त्यांनी चरित्र सांगितलंच नाही. फळ्यावर साल लिहायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: या साली रमाबाईंवर कोण नाराज झालं?

१८८२. शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात असं मांडलं. त्याच आयोगाकडे जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिलं होतं. नाराज कोण? ज्यांना मुलींचं शिकणंच नको होतं ते. १८८३. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. नाराज: पुण्यातले सुधारक मित्र. त्यानंतरची वर्षं. ज्या अँग्लिकन भगिनींनी (इंग्लंडच्या चर्चमधल्या जोगिणींनी) त्यांना आधार दिला त्यांच्याशीच रमाबाईंची पत्रांतून खडाजंगी झाली, कारण आपल्या श्रद्धेचा निवाडा दुसऱ्या कोणी करायचा हे त्यांना मान्य नव्हतं. नाराज: स्वतःच्याच चर्चमधली वडीलधारी मंडळी. १८८९. विधवांच्या शिक्षणासाठी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच वर्षी काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या त्यांत रमाबाई होत्या. १८९३. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्यावरून पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९७. प्लेगच्या काळात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांची कशी दैना होते हे त्यांनी जाहीरपणे लिहिलं. नाराज: मुंबई सरकार.

फळा भरला तेव्हा पाळकसाहेब मागे उभे होते. अँग्लिकन भगिनींशी झालेलं भांडण मुलांना सांगायची काय गरज, असं त्यांनी नंतर चहा घेताना विचारलं. सरांचं उत्तर असं: शारदा सदनाचा वाद मुलं आज ना उद्या कोणाकडून तरी ऐकणारच आहेत, आणि तोही आरोप म्हणून. मग रमाबाई जन्मभर सगळ्यांशीच स्वतःच्या अटींवर वागल्या हे त्यांना इथेच कळलेलं काय वाईट? पाळकसाहेबांना ते पुरतं पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. माझ्या मते १८९३ चा वाद दोन्ही बाजूंनी शिकवल्याशिवाय रमाबाई शिकवूच नयेत. सदनाला सुधारकांचा पाठिंबा मिळाला होता तो धर्मशिक्षण होणार नाही या भरवशावर. मुली प्रार्थनेला येऊन बसल्या तर त्यांना हाकलणार नाही, ही रमाबाईंची बाजू होती. या प्रश्नाला आपल्याकडे अजूनही सोपं उत्तर नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलांना हे न समजण्यासारखं काही नाही.

नववीतल्या त्या मुलीने पुढे दोन्ही वह्यांतली पानं फाडून एकत्र टाचली. शाळेत वही तपासणाऱ्या बाईंनी 'हे काय?' असा शेरा मारला, तोही तिने जपून ठेवला आहे.

१९३० च्या खाली

वह्यांना घालायच्या खाकी कागदाचे ताव जोडून हॉलच्या लांब भिंतीवर एक पट्टी लावली होती. मधोमध रेघ, रेघेच्या वर देश, खाली मंडळी. नियम एकच: वर काही लिहिलं की त्याच सुमारास खाली काय चाललं होतं ते शोधायचं, आणि दोन्हींत संबंध असेल तर बाण काढायचा.

काही बाण आपसूक निघाले. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली; त्याच वर्षी खाली अमेरिकन मिशन मुंबईला. मुलांनी बाण काढला, सरांनी तो पुसायला लावला. त्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्येच मुंबईत पोचले होते, म्हणजे कायदा व्हायच्या आधी, आणि कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायची खटपट केली होती. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तेव्हा युद्ध चालू होतं. इंग्रज आणि मिशनरी एकाच माळेचे मणी हे जे सगळेच धरून चालतात, त्याला इथे पहिला तडा गेला. मग उलट बाजूही आली: मिशनच्या शाळांना पुढे याच सरकारचं अनुदान मिळालं, आणि अनुदानासोबत सरकारचा धाकही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तो बाण राहिला. कवी ना. वा. टिळकांचा १८९५ चा बाप्तिस्मा खाली लागला, आणि मंडळीत आजही गायल्या जाणाऱ्या त्यांच्या अभंगांपासून एक बाण वर संतपरंपरेकडे गेला. तो एका दहावीच्या मुलाने स्वतःहून काढला.

आणि मग १९३०. वरची बाजू गच्च भरली. गांधीजींना अटक झाल्याची बातमी येताच ६ मे रोजी हरताळ, ८ मे रोजी गोळीबार, त्यात शंकर शिवदारे गेले. गिरणी कामगार रस्त्यावर, सरकारी अंमल काही दिवस गावातून उठल्यासारखाच. १२ मे रोजी मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी. खालची बाजू कोरी. ज्याने मूळ प्रश्न विचारला होता त्याने तिथे लाल खडूने प्रश्नचिन्ह काढलं.

मंडळीच्या पंचकमिटीची जुनी कार्यवृत्तं एका लोखंडी कपाटात आहेत. किल्ली खजिनदारांकडे. बरीच मनधरणी झाल्यावर वही हॉलमध्ये आली, ती खजिनदार काकांच्या मांडीवर बसूनच; पानं तेच उलटणार, मुलांनी फक्त बघायचं. त्या उन्हाळ्यातल्या नोंदींत वर्गणी किती जमली ते होतं. पावसाळ्याआधी कौलं बदलायला हवीत हे होतं. एका लग्नाची तारीख पुढे ढकलली, हेही होतं. कारण लिहिलेलं नव्हतं. मार्शल लॉचा, गोळीबाराचा, गावात लष्कर आल्याचा उल्लेख कुठेही नाही.

"म्हणजे यांना काही पडलंच नव्हतं," एक जण म्हणाला. "घाबरले असतील बे, झेंडा घेतला तरी धरत होते तेव्हा," दुसरा. एका मुलीचं म्हणणं, गेले असतील कोणी मोर्चात, पण कमिटीच्या वहीत कोण लिहील? सरांनी एकही उत्तर खोडलं नाही. प्रत्येकाला फक्त विचारलं, हे कशावरून? मग त्यांनी आजूबाजूची माहिती पुरवली. ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांना त्या काळी सरकारविरोधी राजकारणात पडणार नाही अशी लेखी हमी द्यावी लागे. अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचं, त्याच बोर्डाच्या मदुरा (मदुराई) मिशनमधले राल्फ कीथान यांना गांधींच्या चळवळीबद्दलची सहानुभूती भोवली आणि १९३० मध्ये देश सोडावा लागला. जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते, गांधींचं साप्ताहिक 'यंग इंडिया' चालवत होते आणि तुरुंगात गेले. के. टी. पॉल पहिल्या गोलमेज परिषदेला भारतीय ख्रिश्चनांचे प्रतिनिधी म्हणून गेले, पण स्वतंत्र मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले नाहीत. म्हणजे ख्रिस्ती माणूस तेव्हा चळवळीत असू शकत होता, बाहेर असू शकत होता, आणि मिशनच्या पगारावर असला तर गप्पही बसू शकत होता. सोलापूरच्या या मंडळीतलं कोण यांपैकी काय होतं, हे वहीवरून ठरत नाही.

पाळकसाहेबांना वाटत होतं की मुलांना काहीतरी उभारी देणारं सांगून हा भाग संपवावा. सर बधले नाहीत, आणि मला ते योग्य वाटलं. दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाने होते. व्होल्टेअर, रांके, फुको ही नावं मुलं जोड्या लावण्यासाठी पाठ करतात. साधनात नोंद नाही याचा अर्थ काय लावायचा आणि किती लावायचा, हा त्या पाठाचा गाभा. तो इथे खजिनदार काकांच्या मांडीवरच्या वहीने शिकवला.

नागरिकशास्त्र आलं ते असं

सर १९३० च्या पुढे आले आणि त्यांनी वर्गाला एक गोष्ट सांगितली, जी मंडळीतल्या मोठ्या माणसांपैकीही फार थोड्यांना ठाऊक होती. जानेवारी १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात आले असताना इथल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. ते भाषण त्यांच्या 'जनता' या पत्रात छापून आलं. धर्मांतराची घोषणा होऊन दोन वर्षं उलटली होती, निर्णय व्हायचा होता. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला भारून टाकलं आहे, असं ते म्हणाले, आणि मग खडे बोल सुनावले. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात जशीच्या तशी पाळली जाते. ख्रिस्ती समाज राजकीयदृष्ट्या मागे पडला आहे. माणूस ख्रिस्ती झाला की आपलं काम झालं असं मिशनऱ्यांना वाटतं, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते बघत नाहीत.

वर्गात शांतता पसरली म्हणावी तर तसं काही झालं नाही. मुलं एकदम बोलायलाच लागली. आपल्याकडे जात पाळतात का? लग्न जमवताना काय बघतात? एकाने आजीचं नाव घेऊन किस्सा सांगायला सुरुवात केली आणि बहिणीने त्याला चिमटा काढला. त्या दिवशी नागरिकशास्त्राला वेगळं दार उघडावं लागलं नाही. अनुसूचित जातींबद्दलचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्यात आधी फक्त हिंदू, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. हे मुलांच्या घरात दाखल्याच्या निमित्ताने बोललं जातंच. सरांनी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद फळ्यावर लिहिले आणि आपलं मत राखून ठेवलं. इतकी काळजी घ्यायला हवी होती का, हा माझा त्यांच्याशी वाद आहे. शिक्षकाला मत असतं हे मुलांना कळतंच.

पुढचा तास संविधान सभेचा. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून द्याव्यात हा मे १९४९ चा निर्णय घडवण्यात त्यांचा पुढाकार होता. मुलांना हे नवीन होतं, पालकांनाही. मग ६ डिसेंबर १९४८ ची चर्चा. धर्माचा 'प्रचार' करण्याचा हक्क आजच्या कलम २५ मध्ये असावा की नसावा? मुलांना चिठ्ठ्या वाटल्या, ज्याला जो सभासद आला त्याने त्याची बाजू मांडायची. टी. टी. कृष्णमाचारी यांची चिठ्ठी तेलुगू घरातल्या एका मुलाकडे गेली. आपण चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण कोणी आपल्याला धर्म बदलायला सांगितलं नाही, असं कृष्णमाचारी त्या चर्चेत म्हणाले होते. पोराने ते इतक्या झोकात सांगितलं की टाळ्या पडल्या.

हा मुलगा मंडळीतला नव्हता. पद्मशाली घरातला, शेजारच्या मित्राबरोबर परीक्षेच्या तोंडावर इतिहास समजून घ्यायला येऊ लागलेला. तोपर्यंत त्याच्या येण्याची कोणी दखलही घेतली नव्हती. टाळ्या पडल्यावर घेतली. पंचकमिटीतल्या एका आजोबांनी विचारलं, उद्या कोणी म्हणालं की तुम्ही पोरं फितवता, तर? भीती बिनबुडाची नव्हती.

सरांनी कमिटीपुढे कलम २८ वाचून दाखवलं. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत दिलं तर विद्यार्थ्यावर त्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. शब्बाथशाळा ही अशी शाळा नव्हे, तिला हे कलम लागू नाही. पण नियमाचा हेतू आपणही पाळू, असं सरांनी सुचवलं. शिवाय धर्म शिकवणं आणि धर्माविषयी शिकवणं यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या डीएव्ही कॉलेज प्रकरणात गुरू नानकांच्या अभ्यासाबद्दल आणि २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात शालेय अभ्यासक्रमाबद्दल सांगितलेलं आहे. ठरलं ते असं: इतिहासाचा तास आधी, दृढीकरणाची शिकवण आणि प्रार्थना नंतर; मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. बाहेरच्या घरातला मुलगा आला तर पालकाची सही असलेली चिठ्ठी हवी, आणि त्याने सुट्टीत घरी जायचं. त्या मुलाच्या वडिलांनी चिठ्ठीवर सही केली, वर सरांना फोन करून विचारलं की भूगोलाचंही काही बघाल का.

दुसरा एक विषय मुलांनी स्वतः उकरून काढला. सातवीच्या पुस्तकात मूलभूत कर्तव्यं असतात, त्यांत राष्ट्रगीताचा आदर हे एक. मग केरळमधल्या ज्या मुलांनी धार्मिक कारणासाठी राष्ट्रगीत म्हटलं नाही पण उभी राहिली, त्यांचं काय? १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. वर्गातल्या बहुतेकांचं मत न्यायालयाच्या विरुद्ध पडलं: म्हणायला काय जातं? ती मुलं ख्रिस्ती परंपरेतलीच एक शाखा मानणारी होती, तरीही. पाळकसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून चर्चेत उतरले, रोमन बादशहापुढे धूप जाळायला नकार देणाऱ्यांची गोष्ट घेऊन. ती तर पहिल्याच महिन्यात शिकवून झाली होती. आता ती मुलांना ऐकावीशी वाटली.

मंडळीची वार्षिक सभा आणि पंचकमिटीची निवड हाही वर्गाचा धडा झाला. अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. स्थानिक मंडळीने आपला कारभार सभासदांच्या मताने चालवायचा, ही त्यांची मूळ पद्धत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, त्यात सहा निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या आणि बिशपांची व्यवस्थाही आली. मुलांनी मतदारयादी, कोरम, हात वर करून मत आणि चिठ्ठीने मत हे सगळं प्रत्यक्ष पाहिलं. कोणाचा अर्ज वेळेत आला नाही यावरून झालेली बाचाबाचीही पाहिली.

काय जमलं, काय नाही

सुरुवातीला सरांनी अभ्यासक्रम फार लांबवर नेला होता. संत थोमाची परंपरा, पोर्तुगीज, १५३४ नंतरची वसई, फादर स्टीफन्सचं १६१६ चं ख्रिस्तपुराण, १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम. विषय उत्तम, पण एका रविवारी दोनशे वर्षं उरकली की मुलं जांभया देतात. पुढच्या तुकडीला त्यांनी हे उलटं केलं: आधी सोलापूर, मग मागे.

घरून आलेल्या तक्रारी दोन प्रकारच्या. काहींचं म्हणणं, मुलांना वचन शिकवा, राजकारण बाहेर पुष्कळ आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, आपलीच उणीदुणी मुलांपुढे कशाला? बाबा पदमनजींनी हिंदू चालींवर लिहिलं ते सांगितलं की शेजारी दुखावतात, आणि मंडळीतली जात काढली की घरचे. सरांचा पवित्रा एकच: दोन्ही सांगायचं, एकाच रविवारी. आयांचा विरोध मात्र लवकर मावळला. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस गुण असतात आणि इथे फुकट शिकवणी मिळते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मुलांत पडलेला फरक मोजायला काही साधन नव्हतं. वर्षअखेरीला सरांनी १८५७ चाच प्रश्न साल बदलून, १९१९ घालून पुन्हा दिला. जालियनवाला बाग सगळ्यांनी लिहिली. ना. वा. टिळक त्याच वर्षी गेले हे बऱ्याच जणांनी लिहिलं. दोघांनी रौलट कायद्यापासून ना. वा. टिळकांपर्यंत बाण काढला, ज्याला काही अर्थ नव्हता. बाण काढायची सवय लागली की नसलेले संबंधही दिसू लागतात, ही या पद्धतीची खरी खोट आहे, आणि 'हे कशावरून?' हा प्रश्न सतत विचारल्याखेरीज तिला दुसरा इलाज मला दिसत नाही.

एक भाग अजून शिकवलाच गेलेला नाही: सेटलमेंटचा. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारांच्या कुंपणात ठेवलेली माणसं सोलापुरातही होती आणि तो कायदा १९५२ मध्ये उठला. देशात अशा काही वसाहतींचा कारभार सरकारने मिशनांकडे दिला होता. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं उदाहरण प्रसिद्ध आहे. वर्गातली दोन मुलं सेटलमेंटच्या भागातून येतात. त्यांच्यादेखत हे कसं सांगायचं, या विचाराने सरांनी तो तास दोनदा पुढे ढकलला. मला वाटतं तो तास सुरुवातीलाच व्हायला हवा होता, आणि त्या मुलांच्या घरच्यांना आधी विचारून. पुढच्या तुकडीसाठी सरांनी त्यांतल्या एकाच्या आजोबांशी बोलणं केलं आहे. आजोबा यायला तयार आहेत, पण चर्चच्या हॉलमध्ये नाही. ज्याला ऐकायचं त्याने आमच्या अंगणात यावं, असं त्यांनी कळवलं आहे. मुलांना तिथे न्यायचं तर पालकांच्या चिठ्ठ्या पुन्हा लागतील, या वेळी सगळ्यांच्याच. कमिटीने रिक्षाभाडं मंजूर केलं आहे. जुन्या कार्यवृत्तांचे फोटो काढायची परवानगी मात्र वार्षिक सभेवर ढकलली आहे.